मोजायची सोय द्या: तुळिंजहून उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

नालासोपारा पूर्वेला, तुळिंजमध्ये माझा प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा गाळा आहे. एलईडी दिव्यांची बॉडी, चार्जरची कव्हरं, स्विचबोर्डाचे भाग असा माल आम्ही जॉबवर्कवर काढतो. असे गाळे इथून पेल्हार, धानीव बागेपर्यंत आणि तिकडे वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्यापर्यंत पसरलेले आहेत. मुंबईत जागेचं भाडं परवडेना तेव्हा साचे आणि मशिनं घेऊन कितीतरी लोक पश्चिम रेल्वेच्या कडेकडेने उत्तरेला सरकले. त्यांच्यामुळे आमच्या भागात हा धंदा रुजला.

हे पत्र अनुदानासाठी नाही, वीजदराच्या सवलतीसाठीही नाही. वसई तालुक्यात एक सामायिक केंद्र उभं राहावं, तिथे आम्हाला प्लास्टिकच्या दाण्यात कार्बन नीट मिसळून घेता यावा आणि मिसळल्यावर काय निपजलं हे मोजून मिळावं, एवढी मागणी आहे. ती का, हे सांगायला थोडा विस्तार करावा लागेल. तो कृपया वाचावा, कारण यातलं बरंच ज्ञान आपल्याच माणसांनी मिळवलेलं आहे आणि ते आमच्या हॉपरपर्यंत अजून पोचलेलं नाही.

दिव्यापासून सुरुवात करतो. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने ‘उजाला’ योजना सुरू केली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब देशभर गेले. जुना पिवळा बल्ब कितीही तापला तरी त्याला फरक पडत नसे. त्याची तार तापूनच उजेड देत होती. एलईडीला उष्णता सोसत नाही. त्याला दिलेल्या विजेचा मोठा हिस्सा आजही उष्णतेत जातो आणि ती उष्णता उजेडाबरोबर पुढे निघून जात नाही. चिपच्या पाठीमागून, बॉडीतून वाट काढत तिला बाहेरच्या हवेत यावं लागतं. ती आतच कोंडली की चिपचा उजेड उतरत जातो, आणि बऱ्याचदा त्याच्याही आधी ड्रायव्हरमधला, म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, कपॅसिटर दगा देतो. म्हणून बल्बच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या आत ॲल्युमिनियमचं अस्तर घालतात. बंद पडलेला बल्ब फोडून पाहिला की ते दिसतं.

ॲल्युमिनियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता, मीटरमागे आणि अंशामागे वॅटच्या हिशेबात, दोनशेच्या पुढे असते. आम्ही वापरतो त्या पॉलिप्रॉपिलीनची किंवा एबीएसची ०.२ च्या आसपास. हजारपट फरक. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन उष्णता वाहतात. प्लास्टिकमध्ये ते नसतात. तिथे उष्णता रेणूंच्या थरथरीतून पुढे जाते, आणि प्लास्टिकचे रेणू म्हणजे वेड्यावाकड्या पडलेल्या लांबच लांब साखळ्या. थरथर थोडं अंतर जाते आणि विखुरते.

पण ॲल्युमिनियमची बरोबरी करण्याची गरजच नाही, ही गोष्ट फार थोड्या खरेदीदारांना ठाऊक असते. लहान दिव्यात पंखा नसतो. उष्णता शेवटी आजूबाजूच्या हवेला द्यायची असते आणि हवा ती सावकाश घेते. त्यामुळे बॉडीच्या प्लास्टिकची क्षमता ०.२ वरून पाच-दहापर्यंत नेली, की तिथून दोनशेपर्यंत जाऊन चिपचं तापमान आणखी फारसं उतरत नाही. एक किलो ॲल्युमिनियम त्याच्या ऑक्साइडपासून वेगळं करायला तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. त्याच्याऐवजी साच्यात एका शॉटमध्ये निघणारी, हलकी, न गंजणारी बॉडी चालली, तर आमचाही फायदा आहे आणि वीज वाचवण्यासाठी दिवा घेणाऱ्याचाही.

आता कार्बनकडे येतो. नॅनो कार्बन तुळिंजला नवा नाही. आम्ही रोज वापरतो त्या काळ्या मास्टरबॅचमध्ये कार्बन ब्लॅक असतो आणि त्याचे मूळ कण काही दशक नॅनोमीटरचेच असतात. टायरला बळकटी देण्याचं काम तो शंभरहून अधिक वर्षं करतो आहे. नवे आहेत त्याचे दोन भाऊबंद. १९९१ मध्ये जपानचे सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटचा एका अणूइतका पातळ पापुद्रा, म्हणजे ग्राफीन, वेगळा काढून दाखवला. २०१० चं नोबेल त्यांना मिळालं. एकेक सुटी नळी उष्णता वाहण्यात तीन हजारांपर्यंत जाते असं मोजलेलं आहे, ग्राफीन त्याच्याही पुढे. दोघांचा ताठपणा पोलादाच्या सुमारे पाचपट.

हे आकडे वाचून कुणालाही वाटेल की प्लास्टिकमध्ये शेकडा एक नळी घातली तर क्षमता तीसवर जायला हवी. ती एकच्या आसपासही जात नाही, आणि कारणं दोन आहेत.

पहिलं कारण मिसळणीचं. या नळ्या एकमेकींना इतक्या ओढून धरतात की शिजवून गार झालेल्या शेवयांसारखा त्यांचा गोळा होतो. बाहेरून दाणा छान काळा दिसतो, आत मात्र कुठे नुसता गोळा, कुठे नुसतं प्लास्टिक. असा गोळा बळ देत नाही, उलट तडा तिथूनच सुरू होतो. ग्राफीनच्या पापुद्र्यांचंही हेच. ते पुन्हा एकमेकांवर चढून चिकटतात आणि साध्या ग्राफाइटसारखे वागू लागतात.

दुसरं कारण अधिक खोल आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. वीज आणि उष्णता प्लास्टिकमधून सारख्या रीतीने जात नाहीत. विजेला नळ्यांची सलग वाट नसली तरी भागतं. दोन नळ्यांमध्ये काही नॅनोमीटरची फट असली तरी इलेक्ट्रॉन ती पार करू शकतो. म्हणून शेकडा एकाहून कमी नळ्या घालूनही प्लास्टिक अचानक वीज वाहू लागतं. उष्णतेची थरथर मात्र प्रत्येक सीमेवर अडते. कार्बन कडक, त्याची थरथर वेगवान. प्लास्टिक मऊ, त्याची थरथर मंद. एकाची दुसऱ्याला सहज पेलत नाही. शिवाय विजेच्या बाबतीत कार्बन आणि प्लास्टिकमध्ये दहा-पंधरा शून्यांचा फरक आहे, उष्णतेच्या बाबतीत जेमतेम चार शून्यांचा. त्यामुळे उष्णतेची अचानक उडी येत नाही. तिथे प्रत्येक सांध्याला किंमत आहे.

म्हणून दोन वेगळे कार्बन एकत्र घालण्याचा विचार पुढे आला. ग्राफाइटच्या पातळ चकत्या रुंद आणि ताठ असतात. त्यांच्यातून उष्णता दूरवर जाते, पण दोन चकत्यांमध्ये प्लास्टिकची फट उरते. नळ्या बारीक, लांब, वाकणाऱ्या. त्या फटीत शिरून दोन्ही चकत्यांना टेकतात. चकत्यांच्या मध्ये नळी आली की चकत्या पुन्हा एकमेकींवर चढत नाहीत, आणि चकती मध्ये आली की नळ्यांचा गोळा होणं कमी होतं. दोघे एकमेकांचा दोष आवरतात.

२००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या रॉबर्ट हॅडन यांच्या गटाने हे आकड्यांत दाखवलं. इपॉक्सीमध्ये वजनाने दहा टक्के कार्बन घातला: तीन भाग ग्राफाइटच्या चकत्या, एक भाग नळ्या. क्षमता ०.२ च्या घरातून सुमारे १.७५ वर गेली. तेवढ्याच वजनाच्या नुसत्या चकत्या किंवा नुसत्या नळ्या घातल्या तेव्हा दोन्ही वेळा आकडा त्याच्या खाली राहिला. कार्बन तेवढाच होता, प्रमाण बदललं होतं.

बळकटीची गोष्ट तर भारतातलीच आहे. २००९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या गटाने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये नॅनोहिरे, काही थरांचं ग्राफीन आणि एकस्तरी नळ्या यांच्यापैकी दोन-दोन मिळून अगदी थोड्या प्रमाणात घातले. काही जोड्यांत ताठपणा आणि कठीणपणा, एकट्या कार्बनने मिळतो त्याच्या तुलनेत, ४०० टक्क्यांपर्यंत वाढला. या कामात सी. एन. आर. राव आणि उपद्रष्ट राममूर्ती होते. आमच्या गाळ्यांमध्ये त्यांची नावं कुणी ऐकलेली नाहीत याची मला खंत वाटते. तो निकाल पातळ फिल्मवर, सूक्ष्म सुईने दाबून काढलेला आहे. साच्यातून निघालेल्या नायलॉनच्या बॉडीत ४०० टक्के मिळणार नाहीत, हे मला कळतं. पण दिशा त्यांनी दाखवली, आणि ती खरी आहे.

पवईला आयआयटीत अरूप भट्टाचार्य यांच्या गटाने नायलॉन आणि एबीएसच्या मिश्रणात नॅनोनळ्या वितळलेल्या अवस्थेत घालण्याचं काम केलं आहे. म्हणजे आमच्याच दाण्यावर, आमच्याच पद्धतीला जवळचं. त्याच संस्थेत महेश्वर शरॉन यांनी कापरापासून कार्बनच्या नॅनो रचना बनवल्या. मुकुल कुमार यांनी जपानच्या मेइजो विद्यापीठात योशिनोरी आंदो यांच्याबरोबर ते काम पुढे नेलं आणि कापरापासून एकस्तरी, बहुस्तरी अशा दोन्ही नळ्या काढल्या. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून कारखानदारांना माणसं पुरवते आहे. पुण्याला पाषाणमध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. महोदय, नालासोपाऱ्याहून माटुंग्याला जायला लोकलने तास-सव्वातास लागतो. त्या तासाभराच्या अंतरात मधलं काहीच नाही, हे आमचं दुखणं आहे.

मधलं म्हणजे काय, ते मशिनपाशी उभं राहून सांगतो. आमच्या इंजेक्शन मशिनचा स्क्रू दाणा वितळवून साच्यात ढकलण्यासाठी असतो. नळ्यांचा गोळा सोडवायची ताकद त्याच्यात नाही. त्यासाठी दुहेरी स्क्रूचा एक्स्ट्रूडर लागतो. तोही नुसता असून भागत नाही. स्क्रूची मांडणी, फेरे, तापमान, नळ्या कुठल्या टप्प्यावर आत सोडायच्या, या सगळ्यावर निकाल ठरतो. कमी घुसळलं तर गोळे राहतात, जास्त घुसळलं तर नळ्या तुटून आखूड होतात. कार्बन वाढला की वितळलेला माल घट्ट होतो आणि दिव्याच्या बॉडीच्या बारीक फिन भरत नाहीत. ताठपणा वाढतो तशी लवचिकता घटते. बॉडीत स्क्रू पिळायची प्लास्टिकची खुंटी तडकते.

आणखी एक गोष्ट. माल साच्यात शिरताना चकत्या प्रवाहाबरोबर आडव्या होतात, भिंतीला समांतर. त्यामुळे उष्णता भिंतीच्या लांबीने छान पळते, जाडीतून मात्र कमी जाते. म्हणजे साच्यात गेट, माल आत शिरायचं तोंड, कुठे ठेवलं यावर दिव्याचं आयुष्य अवलंबून! हे ज्ञान पुस्तकातून अर्धं मिळतं, उरलेलं तुकडा कापून मोजल्यावर. शिवाय कार्बन घातलेलं प्लास्टिक वीजही वाहतं. ज्या बॉडीला घराचा २३० व्होल्टचा पुरवठा जवळ येतो, तिथे आत विजेला अडवणारा थर घातल्याशिवाय आणि विद्युत चाचणी केल्याशिवाय असा भाग बाजारात जाता कामा नये. कुणी घाईने तसं केलं तर बल्ब बदलणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल.

मोजता येत नसल्याने होतं काय, तेही सांगतो. ‘ग्राफीनयुक्त’ असं छापलेल्या काळ्या दाण्याच्या गोण्या आमच्याकडे विकायला येतात. मीही घेतल्या आहेत. बॉडी काळी झाली, दिवा पूर्वीइतकाच तापला. विक्रेत्याचं नाव लिहिण्यात अर्थ नाही, कारण गोणीत काय होतं हे त्यालाही ठाऊक असेल असं वाटत नाही. २०१८ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या ६० उत्पादकांचे ‘ग्राफीन’चे नमुने तपासले. बहुतेकांत खरं ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी निघालं, अर्ध्याच्या वर एकातही नाही. बाकी बारीक दळलेलं ग्राफाइट. मोठ्या कंपन्या स्वतःच्या प्रयोगशाळेत हे पकडतात. आमच्याकडे दाणा चोळून, जाळून, वास घेऊन पारखणारे हुशार कारागीर आहेत, पण ग्राफीन वासाने कळत नाही.

म्हणून केंद्र हवं. त्यात लहान आकाराचा दुहेरी स्क्रूचा एक्स्ट्रूडर, ओढून आणि आपटून बळ तपासायची यंत्रं, उष्णतावहन मोजायचं उपकरण, विद्युतरोधाची चाचणी, आणि माल कापून आत पाहायला एक चांगला सूक्ष्मदर्शक असावा. एवढ्याने सुरुवात होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पवईला आहेत, माटुंग्याला आहेत. आठवड्यातून एकदा नमुने तिकडे जाऊ शकतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे कायम बसणारा, पॉलिमर कळणारा एक इंजिनिअर हवा. गाळ्यातल्या माणसाला ‘तुझं प्रमाण चुकलं, चकत्या वाढव, नळ्या कमी कर’ असं त्याने मराठीत आणि हिंदीत सांगावं. प्लास्टिक तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेचं, सिपेटचं, केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, चंद्रपूरलाही आहे. दोन मशिनं चालवणारा माणूस एका तुकड्यासाठी तिथवर जात नाही. केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राची तरतूद आहे, राज्याचाही स्वतःचा समूह विकास कार्यक्रम आहे. नवा कायदा करावा लागणार नाही. केरळने ग्राफीनसाठी वेगळं नवोन्मेष केंद्र उभारलं, आणि त्यात ज्या सी-मेट संस्थेचा हात आहे तिचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे.

माझ्या लोकांच्या फुप्फुसांबद्दल बोललो नाही तर हे पत्र अपुरं राहील. २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की लांब, ताठ नॅनोनळ्या शरीरात ॲस्बेस्टॉससारखी इजा करू शकतात. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एका प्रकारच्या बहुस्तरी नळ्यांना ‘कर्करोगाची शक्यता असलेल्या’ गटात घातलं. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये कामाच्या जागी हवेच्या घनमीटरमागे एक मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा सुचवली. आमचे गाळे कसे असतात हे आपण पाहिलं असेल: खाली ग्राइंडर, वर फिरता पंखा, दारात मालाच्या कडेचं जादा प्लास्टिक (फ्लॅश) कापत बसलेल्या बायका. अशा जागी नळ्यांची सुटी भुकटी कधीच उघडता कामा नये. भुकटी केंद्रातच, बंद यंत्रणेत, दाण्यात कोंडली जावी आणि आमच्याकडे फक्त दाणा यावा. सुविधा गाळ्यागाळ्यात न देता एका जागी द्या, असं मी म्हणतो त्याचं निम्मं कारण हे आहे. आमचा रिग्राइंडही, म्हणजे दळून पुन्हा वापरायचा उरलासुरला माल, केंद्राने परत घ्यावा. असा माल ग्राइंडरमध्ये टाकणं मला पटत नाही.

भंगाराचाही विचार आजच व्हावा. मोठ्या कारखान्यांत प्लास्टिक निवडायची यंत्रं अवरक्त किरणांवर चालतात आणि काळा कार्बन ते किरण गिळून टाकतो, म्हणून काळं प्लास्टिक त्यांना ओळखू येत नाही. आमच्याकडे निवड हातानेच होते. बॉडीच्या आतल्या बाजूला, साच्यातच, पॉलिमरचं नाव आणि ‘नॅनो कार्बन’ असं कोरलेलं असावं. साच्यात चार अक्षरं कोरायला खर्च नगण्य येतो. भंगारवाल्याला ती जाळून पाहण्याच्या त्रासातून वाचवतील.

शेवटची विनंती निविदांबद्दल. सरकारी आणि महापालिकांच्या दिव्यांच्या निविदांत बॉडी ‘प्रेशर डाय-कास्ट ॲल्युमिनियम’चीच हवी, ही अट सर्रास असते. रस्त्यावरच्या मोठ्या दिव्यांना ती योग्य असेल, तिथे मी वाद घालत नाही. पण शाळा, दवाखाने, कार्यालयं, जिने यांतल्या लहान दिव्यांसाठी धातूचं नाव न लिहिता चिपजवळच्या तापमानाची मर्यादा, तासांची हमी आणि विद्युत सुरक्षेची चाचणी लिहावी. जो माल त्या कसोटीला उतरेल तो घ्यावा, मग तो ॲल्युमिनियमचा असो वा कार्बन घातलेल्या नायलॉनचा. ही दुरुस्ती झाली नाही, तर उत्तम दाणा बनवूनही आम्ही तो कुणाला विकणार?

पहिलं काम काय करावं तेही सुचवतो. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन हे दोनच दाणे घ्यावेत. ग्राफाइटच्या चकत्या आणि बहुस्तरी नळ्या यांची तीन-चार प्रमाणं ठरवावीत, तुलनेसाठी साधा कार्बन ब्लॅक जोडीला ठेवावा. बहुस्तरी नळ्याच म्हणतो, कारण एकस्तरी नळ्या आमच्या मालाला परवडणार नाहीत. प्रत्येक प्रमाणातून एकाच साच्यात नऊ वॅटच्या बल्बची बॉडी काढावी आणि दिवा पेटता ठेवून चिपजवळचं तापमान नोंदवावं. आकडे चांगले येवोत की वाईट, मराठीत छापून तालुक्यातल्या प्रत्येक मोल्डरला द्यावेत. साचा माझ्याकडे तयार आहे. मशिनचा वेळ मी देईन, आणि शेजारच्या गाळ्यांतले आणखी काहीजण द्यायला तयार आहेत. आपल्या खात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याने एक दिवस इकडे यावं, आम्ही सगळे हजर राहू.

कळावे,

आपला नम्र,
एक मोल्डिंग गाळेधारक,
तुळिंज, नालासोपारा (पूर्व), जि. पालघर